जुन्या काडीवरची फुलं

आमच्या थोरल्या जाऊबाईंना बागेतलं सगळं कळतं. न विचारता सांगतात, हे विशेष. मी हौसेनं क्लेमॅटिसची वेल आणली, तर ती कुंडीतून जमिनीत जायच्या आत त्यांचा हुकूम सुटला, "हिवाळ्यात गुडघ्याइतकी ठेवायची, बाकी साफ छाटायची. माझी बघ, उन्हाळा सरेपर्यंत कशी जांभळी गच्च होते!"

"पण ही जात वेगळी असली तर?" मी म्हटलं.

"क्लेमॅटिस ती क्लेमॅटिस. जात कसली घेऊन बसलीस!"

मग काय, दर हिवाळ्यात मी इमानेइतबारे छाटत गेले. पानं रग्गड, फूल मात्र औषधालाही नाही. जाऊबाई चहाला आल्या की सगळ्यांसमोर त्यांचं ठरलेलं वाक्य, "तुझ्या हातालाच गुण नाही गं." त्यावर आमचे हे मान डोलवायचे. मुळ्याचा पाला कुठला नि गाजराचा कुठला हे ज्यांना कळत नाही, ते! मला इतकं लागायचं, की शेजारीण रोप द्यायला आली तरी मी नको म्हणायला लागले.

गेल्या हिवाळ्यात पायरीवरून घसरले आणि मनगट मोडलं. छाटणी ह्यांच्याकडे गेली. हे म्हणाले, "उद्या करतो." ह्यांचा उद्या अजून उगवायचाय.

थंडी सरली. बाकीच्या बागेत पालवीचा पत्ता नाही आणि ही बया खाली माना घातलेल्या निळ्या फुलांनी भरून गेली! मी एकेक देठ धरून पाहिला. सगळी फुलं गेल्या वर्षीच्या काडीवर, नव्या फुटव्यावर एकही नाही. म्हणजे ही लवकर फुलणारी जात, आणि इतकी वर्षं मी स्वतःच्या हातानं येणारी फुलंच कापून कचऱ्यात टाकत होते. असा संताप आला म्हणून सांगू!

रविवारी घरचे सगळे बागेत चहाला बसले, जाऊबाईही आल्या. वेल बघितली आणि म्हणाल्या, "बघ, तुझा हात लागला नाही, तर फुलली!" सगळे खो खो हसले. छाटणीची कात्री त्यांच्या पिशवीत असतेच. ती काढून म्हणाल्या, "फार माजलीय. आत्ताच खाली उतरवते."

मी आडवी उभी राहिले. "खुशाल कापा. आधी एवढं सांगा, ही फुलते कशावर? नव्या फुटव्यावर की जुन्या काडीवर?"

"नव्यावरच की! सगळ्याच तशा फुलतात."

"मग दाखवा. नव्या फुटव्यावरचं एक फूल दाखवा."

त्या शोधायला लागल्या. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. शेवटी आमचे हेच उठले, वेलीत डोकं घालून आले आणि म्हणाले, "वहिनी, एकही नाहीये हो."

कात्री पिशवीत गेली. जाऊबाई खुर्चीत टेकल्या आणि कपाकडे बघत म्हणाल्या, "माझा चहा गार झाला वाटतं."

"झालाय," मी म्हटलं. "तसाच प्या."