आपण म्हणजे कोण?

लाँड्रीचे शटर अर्धे वर गेले की दादाचे चिंतन सुरू होई. गल्ल्याशेजारची जाडजूड पुस्तिका तो दोन्ही हातांनी उघडी, घसा खाकरी आणि 'आजचे आत्मपरीक्षण' अशा सुरात वाची, जणू आत्मा त्याच्या एकट्याचा आणि परीक्षा बाकीच्यांची. पानही तारखेप्रमाणे नव्हे, सोयीप्रमाणे निघे. धाकट्याने पगार वाढवून मागितला त्या दिवशी 'संतोष' निघाला होता.

धाकटा इस्त्रीच्या टेबलापाशी उभा राहून मुकाट ऐके. घरीदारी सारे त्याला घुम्या म्हणत. शब्द त्याच्या ओठांपर्यंत येत आणि कुलूप पाहून पाहुण्याने परतावे तसे माघारी फिरत.

आज 'क्षमा' निघाली.

कोपऱ्यात ताई गिऱ्हाइकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टाचत होती. दीड महिन्यापूर्वी नवऱ्याच्या थपडेने तिचा डावा कान गेला आणि ती नेसत्या वस्त्रानिशी माहेरी आली. आज दुपारी दाजी तिला न्यायला येणार होते. तसा शब्द दादाने त्यांना दिला होता, तिला न विचारता.

"'ज्याने दुखावले, त्याला आज आपण क्षमा केली का?'" दादाने वाचले. "ऐकलंस का गं?"

"त्या बाजूनं ऐकू येत नाही, दादा," ताई मान न वळवता म्हणाली. "उपदेश असला तर उजवीकडून कर."

"हीच जीभ नडते तुला. अगं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच."

"भांडं नव्हतं ते. कान होता."

धाकट्याच्या हातातली इस्त्री जागीच थांबली. राग त्याला परका नव्हता. रोज यायचा, खालमानेने बसायचा आणि उठून जायचा. आज तो उठेना.

"दादा, आपण म्हणजे कोण?"

"काय?"

"'आपण क्षमा केली का', यातला आपण कोण? ताई?"

"आपण म्हणजे आपण! सगळेच. घुम्या, इस्त्री उचल, शर्ट करपतोय."

"करपू दे! सगळेच, तर तू कुठं आहेस त्यात? रोज प्रश्न तू वाचायचे आणि पेपर आम्ही लिहायचा. आज तू लिही. तिचा कान गेला तेव्हा 'दोघांचंही चुकतं' म्हणाला, तो आपण कोण? तिला न विचारता शब्द देऊन मोकळा झाला, तो कोण?"

"आवाज खाली! मी तिच्या भल्यासाठीच..."

"पुढच्या खेपेला उजवा जाईल. मग कुठल्या बाजूनं वाचशील?"

दादाने पुस्तिका गल्ल्यात कोंबली.

दुपारी दाजी आले ते हसतच. "काय मेहुणेबुवा, आवरलं का तिचं?"

धाकट्याने काउंटरची उघडी फळी पाडली आणि तिच्यावर दोन्ही हात रोवले. "ती येणार नाही."

"तू कोण सांगणारा? दादा, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," दादा उसळून म्हणाला. कोणावर, ते त्यालाही कळले नसावे. "आता परत घेतला. निघा!"

दाजींचे हसू उतरायला वेळ लागला. पायरीवर थुंकून ते निघून गेले.

धाकट्याला वाटले, ताई आता रडेल, निदान जवळ येईल. तिने चिठ्ठ्यांचा डबा खाली आदळला.

"दीड महिना तुम्ही दोघं याच दुकानात होतात," ती म्हणाली. "दीड महिना! एकाचं तोंड नको तिथं चालत होतं, आणि तुझं, घुम्या, चालतच नव्हतं. आता आभार मानू का?"

ती आत गेली आणि तिने आतून कडी घातली.