घराले किती तार?

पवनीच्या शाळेतल्या संगणक खोलीत सात संगणक होते आणि त्यांतले चार चालत. त्या चारांपैकी एकासमोर रुचिका बसली होती, आणि मागे उभ्या असलेल्या तेजस्विनीमॅडमचा पारा चढला होता. पडद्यावरच्या दोन रेषा कुठे छेदतात, एवढाच प्रश्न होता. पोरीने उत्तर दिलं तीन, चार. खरं उत्तर होतं सहा, आठ.

"अवं, आधी आकडे वाच ना! घरं काय मोजून राहिली?"

खरं सांगायचं तर या चुकीचं पाप मॅडमच्याच माथी होतं. वीस वर्षं त्यांनी आलेख कागदावर शिकवला. कोपऱ्यात 'एक सेंटिमीटर बरोबर एक एकक' असं लिहून घेतलं की संपलं. मग पोरं खुशाल चौकटी, म्हणजे त्यांच्या भाषेत घरं, मोजत सुटायची. संगणकाचं तंत्र निराळं. आलेख लहानमोठा केला की तेच घर कधी एकाचं, कधी दोनाचं, कधी पाचाचं होतं. अक्षावरचा आकडा पाहिल्याशिवाय काही कळत नाही.

राज्याची ऑनलाइन परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तिच्यात निवड झाली तर नागपूरच्या निवासी विद्यालयात दोन वर्षं विज्ञान, राहण्या-जेवण्यासकट. बाकीची मुलं दोन दिवसांत सावरली. अडली ती नेमकी रुचिका, वर्गातली सगळ्यांत हुशार पोर. मॅडमनी समजावलं, ओरडून पाहिलं, पडद्याच्या कडेला चिठ्ठी चिकटवली. पोरीचं बोट आपलं टकाटक घरं मोजत पुढे.

शनिवारी ती म्हणाली, "मॅडम, माझं नाव काढून टाका. मले नाई जमत."

"नाव काय फळ्यावर लिहिलं हाय, पुसून टाकाले? मी उद्या घरी येतो तुह्या."

रविवारी सकाळीच मॅडम तिच्या घरी धडकल्या. रुचिकाचे वडील नंदलाल हातमागावर बसले होते, कोशाच्या रेशमी साडीचा काठ चालू होता. शेजारी पाटावर रुचिका, मांडीवर नक्षीचा चौकटीचा कागद. "तीन सोडा, दोन उचला, एक सोडा," ती वाचत होती आणि नंदलालचे हात त्या बोलावर धाग्यांचे तार उचलत होते. कागदावर तिची नजर एकदाही अडखळली नाही. मॅडम दारातच थबकल्या. आठ वर्षांची असल्यापासून पोर हेच करत आली होती. तिची सवय मोडायला निघालेल्या आपणच येड्या, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात नंदलालने नवी नक्षी पुढे केली. रुचिकाने कागद हातात घेतला, पण मोजायला सुरुवात केली नाही.

"बाबा, घराले किती तार?"

"दोन," नंदलाल म्हणाले. मग मॅडमना पाहून हसले. "बसा मॅडम. नक्षी तेच राह्यते, पण घराले एक तार धरला त फूल लहान, दोन धरले त मोठं. हे आधी नाई ठरवलं त काठ वाया जाते."

मॅडम बसल्या नाहीत. "रुचिका, इथं विचारतेस, मंग शाळेत काहून नाई विचारत?"

पोर गोंधळली. "इथं बाबा असतेत. तिथं कोणाले विचारू?"

"अक्षाले विचार!"

रुचिकाने कागदावर डोळे लावले आणि हळूच मान हलवली.

सोमवारपासून मॅडमनी नियम केला. आलेख उघडला की दोन्ही हात मांडीवर. "घराले किती?" हे मोठ्याने विचारायचं, आडव्या अक्षावर उत्तर शोधायचं, मग उभ्यावर, आणि नंतरच माउसला हात. मॅडमही काही कमी नव्हत्या. दर प्रश्नाला त्या आलेख लहानमोठा करून ठेवायच्या. एकदा तर आडवं घर दोनाचं आणि उभं पाचाचं करून ठेवलं. बाकीची पोरं खिदळली. रुचिका फसली, चिडली, तिने रडून घेतलं आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले. शेवटच्या आठवड्यात तिचे ओठ नुसते हलायचे, कारण परीक्षेत बोलायची सोय नव्हती. वीसपैकी एकोणीस आले त्या दिवशी मॅडमनी शाबासकी दिली नाही. विसावा काहून चुकला, ते विचारलं.

परीक्षेला भंडाऱ्याला दोघी सकाळच्या एसटीने गेल्या. केंद्राच्या फाटकापाशी मॅडम दोन तास उभ्या होत्या. चहावाल्याने दोनदा स्टूल दिलं, त्यांनी दोनदा नको म्हटलं. एवढी धास्ती त्यांना स्वतःच्या बी.एड.च्या परीक्षेलाही वाटली नव्हती.

रुचिका बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"आलेख किती होते?"

"सहा. साही झाले. त्यातला एक दोन वेळा करून पाह्यला."

मॅडमना पुष्कळ विचारायचं होतं. निकाल महिन्याने आहे, आत्तापासून मनात मांडे खाऊ नको, असंही सांगायचं होतं. पण रुचिकाच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"मॅडम," ती म्हणाली, "तिथं नागपूरले हिवाळ्यात पांघरूण तेच लोकं देतेत, का आपल्या घरूनच न्या लागते?"

मॅडमनी निकालाची गोष्ट बाजूला ठेवली.

"घरूनच," त्या म्हणाल्या. "जाडं घे."