चादरीखालचं मेणकापड

नाक मुरडू नका. मी मेणकापड बोलतोय. एका बाजूने तांबडा, दुसऱ्या बाजूने हिरवा, आणि चारी कडांना निळा गोट लावलेला. असं नटवलेलं मेणकापड तुम्ही कुठे पाहिलं नसेल. ही हौस एका शिंप्याची.

शिंपीबुवांच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा मला मोठ्या गुंडाळीतून कापून घरी आणलं. "कडा नातीला बोचतील," असं म्हणून बुवा त्याच संध्याकाळी मशीनवर बसले आणि गोट शिवूनच उठले. नात माझ्यावर हक्काने भिजायची. कुणी हसायचं, कुणी कौतुकाने दुपटं बदलायचं. लाज हा शब्द तेव्हा माझ्या कानावरही पडला नव्हता. नात चालू लागली आणि माझी रवानगी पेटीत झाली.

पेटी उघडली ती अठरा वर्षांनी. नात शिकायला दूर गेली होती आणि तिची आई, म्हणजे बुवांची मुलगी, मला वडिलांच्या गादीवर पसरत होती. बुवांनी गोट ओळखला. त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ते आडवे झाले.

"अण्णा, त्यात काय एवढं! वयोमानाने होतं," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी दिवसाला चार डायपर सांगितले होते. मुलगी बसच्या तिकीटखिडकीवर कामाला. तिच्या पगारात दोनच बसत. बाकीचं मी झेलायचो. माझी तक्रार नव्हती, माझं कामच ते.

पुढे मी कमी भिजू लागलो. आधी मला बरं वाटलं, मग कारण दिसलं. मुलगी जाताना उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवायची. ती गेली, की बुवा धडपडत उठून ते पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. एखादा डायपर वाचावा म्हणून माणूस तहानलेला राहत होता! झाड मात्र चांगलं तरारलं. "बघा, याला तुमच्या खोलीची हवा मानवली," असं मुलगी कौतुकाने म्हणायची. मला तोंड असतं, तर मी बोंब ठोकली असती.

बुवांना उन्हाळी लागली, लघवीला जळजळ होऊ लागली, मग ताप भरला. दवाखान्यातल्या परिचारिकेने मुलीला बाजूला घेतलं. "अहो, डायपरसारख्या वस्तूंसाठी मदत मिळते. अर्ज करा. घरी येऊन पाहणी करतात, एवढंच." मुलीने दाखल्यासाठी तीन हेलपाटे घातले आणि अर्ज दिला.

आणि इथेच माशी शिंकली. पाहणीला बाई येणार म्हटल्यावर मुलीने रजा काढून घर लख्ख केलं. पडदे बदलले. डायपरचं पाकीट कपाटात गेलं आणि मी घडी होऊन पलंगाखाली. बुवांना इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसवलं. घरी पाहुणे येणार म्हणजे घर असंच दिसायला हवं, एवढंच तिला ठाऊक.

बाईंनी विचारलं, "आजोबा, दिवसातून कितीदा कपडे ओले होतात?"

मुलगी समोरच उभी होती. बुवा म्हणाले, "कधीमधी. तसा मला काही त्रास नाही."

"आणि मी असतेच ना," मुलगी घाईने म्हणाली.

बाईंनी तसंच लिहून घेतलं. पलंगाखाली माझा जीव नुसता तळमळत होता. पंधरा दिवसांनी पत्र आलं. गरज आढळली नाही.

मुलगी ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात रडली आणि मग खोलीत येऊन म्हणाली, "आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, अण्णा." तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी काहीही आवरलं नाही. मी पलंगावर उघडा होतो, सगळ्या भेगांसकट. त्याच बाई आल्या. बुवा मुलीला म्हणाले, "तू जरा बाहेर जा, बाळा."

ती गेली. बुवा माझ्या गोटाकडे बघत बोलू लागले. "पाच-सहा वेळा होतं. मला समजतसुद्धा नाही. पोरीचे हात त्यातच जातात. म्हणून मी पाणी पीत नाही, बाई. तिला सांगू नका."

मुलगी दाराआडच होती. तिने तोंडावर हात गच्च दाबून धरला, पण ती आत आली नाही.

महिन्याभरात डायपरचे खोके आले. मुलीने पहिला खोका उघडलाही नाही. ती पेला भरून बुवांसमोर बसली. "प्या. माझ्यासमोर प्या." बुवा घटाघटा प्याले. रिकामा पेला पुढे करून हळूच म्हणाले, "आणखी दे."

त्यानंतर ते चारच महिने होते. मूत्रपिंडं आधीच थकली होती, असं डॉक्टर म्हणाले. ती केव्हा थकली, हे मुलीला ठाऊक आहे, आणि बाटलीतलं पाणी रोज कुठे जात होतं, हेही. कुंडीला पाणी घालताना अजूनही तिचा हात मध्येच थांबतो.

मी आता पुन्हा पेटीत आहे. माझं रबर तडकलंय, गोट मात्र एका टाक्यानेही उसवलेला नाही. तुमच्या घरातही एखाद्या चादरीखाली माझा भाऊबंद असेल. पाहुण्यांपासून त्याला खुशाल झाका. पण मदत घेऊन कुणी दारात आलं, तर त्याला लपवू नका. आणि उशाशी ठेवलेलं पाणी नक्की कोण पितंय, तेवढं एकदा बघा.