दोन ओळींचा शेरा

नकाशा खात्यात बावीस वर्षं काढलेल्या या बाईला सगळे रेघताई म्हणत, कारण पट्टी न लावता मारलेली तिची रेघही सरळ यायची. आता शाईचं काम बंद होणार होतं. पंधरा दिवसांच्या शिकवणीनंतर ज्याला स्वतः लिहिलेला प्रोग्राम कंपाइल करून, म्हणजे संगणकाला चालवता येईल असा तयार करून, पडद्यावर एक त्रिकोण काढून दाखवता येईल, त्याला संगणक विभागात जागा. बाकीच्यांनी घरी बसायचं. तिच्या घरी नवरा आधीच बसलेला होता.

आज शेवटचा दिवस. चार वाजले होते; पाचला यादी जाणार होती.

"मास्तर, आमच्या डोक्यात आता काही शिरत नाही हो."

"डोक्यात कशाला शिरायला हवं, ताई? कमांड वहीत उतरवा आणि जशीच्या तशी टाइप करा."

तिने तसंच केलं होतं. तीन बिंदू, एक रंग, लाल. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत कंपाइलची कमांड टाइप करून तिने एंटर दाबलं. रोजच्यासारख्या दोन ओळी उमटल्या. त्यांत 'एरर' हा शब्द होता, पण त्याचं तिला काही वाटत नसे. खात्यातला तपासनीस प्रत्येक नकाशात वीस चुका काढायचा आणि नकाशा छापायला पाठवायचा. शेरा नाही म्हणजे कागद कुणाच्या तरी खणात धूळ खात पडलाय. इथे तर दोनच ओळी! मग चालवायला गेलं की काहीच दिसत नसे, म्हणून ती रोज बिंदूच बदलत बसे.

आज मात्र चालवल्यावर दुसरी खिडकी उघडली. आत त्रिकोण होता. निळा.

"मास्तर! अहो, आला! रंगाचं काहीतरी चुकलंय, पण आला!"

मास्तर धावतच आला. "वा, ताई! रंग तेवढा लाल करा, की झालंच."

तिने आकडे तपासले, पुन्हा कंपाइल केलं. निळा. एक बिंदू पार कोपऱ्यात नेला. त्रिकोण जागचा हलला नाही. मास्तर खाली वाकून त्या दोन ओळी वाचू लागला.

"या रोज येतात?"

"पहिल्या दिवसापासून. का?"

"लायब्ररीची, म्हणजे चित्र काढायच्या तयार कोडची, फाइल सापडत नाही, असं म्हणतंय ते. तुमचा प्रोग्राम कधी तयारच झाला नाही. सकाळच्या तुकडीतल्या कुणाचा तरी आज झाला, तो या मशीनवर त्याच नावाने तसाच राहिलाय. तुम्ही तो चालवताय."

"पण ते रोज काहीतरी सांगायचं ना!"

"काम झालं तर ते काहीच सांगत नाही, ताई."

म्हणजे पंधरा दिवस ती बरोबर असलेलं चित्र दुरुस्त करत होती. तिने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हा निळा नाही का चालणार?"

बावीस वर्षांत तिने दुसऱ्याच्या रेघेखाली कधी सही केली नव्हती.

"यादीबरोबर प्रत्येकाचा लिहिलेला प्रोग्रामही जातो."

"मग आता करू या ना नीट!"

वहीतल्या कमांडमध्ये लायब्ररीचा पत्ता उतरवायचा राहिला होता; ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, हे मास्तरलाही आठवेना. एक जागा पाहिली, दुसरी पाहिली. पाचला शिपाई यादी न्यायला आला. मास्तरने "दहा मिनिटं थांब रे" म्हटलं, तर तो म्हणाला, "साहेब निघालेत, सही आत्ताच हवी." मास्तरने रेघताईच्या नावापुढे 'नाही' लिहिलं आणि कागद दिला.

फोल्डर सापडला पाच वाजून वीस मिनिटांनी. तिने पत्ता कमांडमध्ये घातला. एंटर. एकही ओळ आली नाही. चालवला, तर लाल त्रिकोण, एक टोक पार कोपऱ्यात.

"सुरेख आलाय," मास्तर म्हणाला आणि कुठे बघावं हे त्याला कळेना.

तिने वही मिटली.

"हे बंद कसं करतात हो?"