बाकावरचं एक मिनिट

कामणच्या गोदामांमागे आमच्या कंपनीचं कबड्डीचं मैदान होतं. २००४ च्या जानेवारीत मी तिथे रुजू झाले, तेव्हा माझ्याकडे संख्याशास्त्राची पदवी होती आणि कबड्डीचं ज्ञान शून्य होतं. कंपनीने छातीला बांधायचे चार पट्टे आणि त्यांची मनगटी घड्याळं मागवली होती. पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा, घड्याळ दर पाच सेकंदांनी आकडा साठवायचं आणि संध्याकाळी मी ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे. व्यावसायिक गटात खेळणाऱ्या इतर संघांत असं कोणी करत नव्हतं, म्हणून साहेबांना त्याचं कौतुक होतं.

काम सरळ होतं. अठरा खेळाडूंतून बारा ठेवायचे होते. माझा अहवाल शनिवारी साहेबांकडे जाणार होता. बाराजणांना नोकरीत कायम करणार होते, उरलेल्या सहाजणांचा करार मार्चअखेर संपत होता.

खेळाचे गुण प्रशिक्षक देणार होते, तंदुरुस्तीची चाचणी मीच ठरवली आणि दोन्ही मिळून क्रमांक लागणार होते. लागोपाठ तीन चढाया, मग बाकावर एक मिनिट बसायचं. त्या मिनिटात ठोके जितके जास्त उतरतील तितका गडी तंदुरुस्त. बहुतेकांचे पस्तीस-चाळीसने उतरत. बेसिलचे नऊने उतरले.

बेसिल सांडोर गावचा, एकोणतीस वर्षांचा, संघातला सगळ्यात जुना चढाईपटू. पहाटे केळीच्या बागेत पाणी सोडून मग मैदानावर येणारा. मला आधी पट्ट्याचा संशय आला. पट्टा कोरडा असला की आकडे भलतेच येतात, म्हणून तो ओला करून पुन्हा बांधला. मग पकडीत खेळणाऱ्या एकनाथचा पट्टा बेसिलला आणि बेसिलचा एकनाथला दिला.

"मॅडम, त्याचा घाम माझ्या छातीला लावताय," एकनाथ म्हणाला. "चढाई मला येईल ना आता?"

"तुला फक्त घाम येईल," बेसिल म्हणाला.

एकनाथचे एकेचाळीसने उतरले. बेसिलचे अकराने. पट्टा ठीक होता.

मी अहवालात बेसिलचं नाव सोळाव्या क्रमांकावर टाकलं. ते टाकताना बरं वाटलं नाही, पण वाईट वाटणं हे कारण अहवालात लिहिता येत नाही. घरी आल्यावर मात्र त्याचा आलेख पुन्हा काढून पाहिला. इतरांची रेघ उतारासारखी खाली जात होती. याची थोडी उतरायची, पुन्हा चढायची, पुन्हा उतरायची. दोन चढांमधलं अंतर वीस-पंचवीस सेकंदांचं, प्रत्येक चाचणीत. दमलेलं हृदय इतकं शिस्तीत वागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रशिक्षक शांताराम सरांना विचारलं, "बाकावर बसल्यावर बेसिल करतो काय?"

"प्रार्थना करतो. ओठ हलतात, पाहिलं नाहीस? गेलं वर्षभर चाललंय."

"कुठली प्रार्थना?"

"ते मी कसं विचारणार? कोणाच्या देवाच्या मध्ये आपण पडायचं नाही."

सगळ्या संघाचं हेच मत होतं. एकनाथ वाटेल त्याची चेष्टा करायचा, पण बेसिलचे ओठ हलू लागले की तोही गप्प बसायचा. मला मात्र एक साधा प्रश्न पडला होता. प्रार्थना करणारा माणूस मधे श्वास घेतो, मग दर वीस-पंचवीस सेकंदांनी तो चढ कसला?

तीन चढाया संपल्यावर मी स्टॉपवॉच घेऊन बेसिलच्या शेजारी बसले. इतक्या जवळून ऐकू आलं. तो पुटपुटत होता, "कबड्डी कबड्डी कबड्डी," न थांबता, एकाच दमात. तेवीस सेकंदांनी दम तुटला, त्याने हवा ओढली आणि पुन्हा सुरू केलं.

"बेसिलदादा, ही प्रार्थना नाही."

 बाकीचे मैदानाच्या त्या टोकाला होते, हे त्याने आधी पाहून घेतलं.

"गेल्या वर्षी फायनलला शेवटच्या चढाईत दम गेला माझा," तो म्हणाला. "गडी मारून रेषेकडे येत होतो. पंचांनी शिट्टी दिली, दम तुटला म्हणून. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून बसलो की दम धरून बघतो. लोक म्हणाले प्रार्थना, मी नाही म्हटलं नाही. प्रार्थनेला कोणी हसत नाही, मॅडम. दम कमी पडणाऱ्याला हसतात."

"पण मी ते मिनिट विश्रांतीचं धरलं होतं. तुम्ही विश्रांती घेतलीच नाहीत."

"बसायला सांगितलंत, बसलो."

चूक माझी होती. मी 'बसा' सांगितलं होतं, 'शांत श्वास घ्या' असं सांगितलं नव्हतं. आम्ही चाचणी पुन्हा घेतली. पण सवय अशी, की त्याचे ओठ आपोआप हलायला लागले. शेवटी मी त्याला पाण्याचा घोट तोंडात धरायला सांगितला. आता नाकानेच श्वास घ्यावा लागणार होता. गाल फुगवून तो बसला आणि घड्याळावरचा आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला. अडतीसने.

त्याने पाणी थुंकलं. "झालं?"

"अर्धं झालं. जुना आकडा नऊ आणि नवा अडतीस, याचं कारण लिहावं लागेल. नाहीतर मी तुमच्यासाठी आकडा बदलला असं साहेबांना वाटेल. आणि कारण लिहिलं की तुमचा तेवीस सेकंदांचा दम सगळ्यांना कळेल. इतर चढाईपटू तीसच्या आसपास आहेत."

तो बराच वेळ पट्ट्याचं बक्कल काढत-लावत राहिला.

"सरांना मी सांगतो," तो म्हणाला. "कागदावरून कळायला नको."

तो सरांकडे गेला. मी लांबूनच पाहिलं. सरांनी त्याच्या पाठीवर एक जोरदार थाप दिली. ती रागाची की मायेची, ते मला ठरवता आलं नाही. परत येताना सर मला म्हणाले, "वर्षभर हा चुकीचं करत होता. दमलेल्या छातीत दम वाढतो होय? उद्यापासून याला ताज्या दमाने सकाळी साडेसहाला उभा करतो. अहवालात लिही, दमाची जबाबदारी शांतारामची."

तसं वाक्य मी अहवालात कधी लिहिलं नव्हतं. ते लिहिलं, खाली दोन्ही आलेख जोडले आणि शनिवारी सकाळी कागद साहेबांकडे दिले.

यादी मंगळवारी लागली. बेसिलचं नाव अकरावं होतं. त्याने ते एकदा बोटाने आणि एकदा नुसत्या डोळ्यांनी वाचलं आणि एकनाथला म्हणाला, "बारावा कोण बघ. मला वाचवत नाही."

एकनाथने यादी पाहिली. "मी," तो म्हणाला, आणि दोघंही खाली बाकावर बसले.