सेथचा कोट

इंग्लंडातल्या बॅटलीत अख्खं गाव जुन्या लोकरीच्या चिंध्यांवर जगत होतं. बायका शिवणी उसवायच्या, सुती वेगळं, लोकरी वेगळं करायच्या. मग गिरणीतलं ‘सैतान’ नावाचं दातेरी यंत्र त्या चिंध्या पिंजायचं, आणि नव्या लोकरीत मिसळून कापड निघायचं. त्या कापडाचं नाव शॉडी. पुढे बाहेरच्या लबाड व्यापाऱ्यांनी याच नावाखाली सडका माल खपवला आणि बिचारं नाव बदनाम झालं. आता इंग्लंडभर टुकार बुटाला, टुकार घराला, टुकार माणसालासुद्धा लोक शॉडी म्हणत. चिंध्या निवडणाऱ्या केझायाच्या घरात मात्र हा शब्द शिवीसारखा वापरायची कोणाची छाती नव्हती.

आई गेल्यावर तिने धाकट्या भावाला, सेथला, चिंध्या निवडून वाढवलं, लीड्सच्या पेढीत चिकटवलं. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. आज तो होणाऱ्या बायकोला, लव्हिनियाला, वडिलांसकट चहाला घेऊन आला होता. अंगात केझायाने दिलेला शॉडीचा कोट होता. त्याची चिंधी न् चिंधी तिने स्वतः निवडली होती.

लव्हिनियाचे वडील बिनन्स कापडाचे बडे दुकानदार. हॅम संपवून त्यांनी सेथची बाही चिमटीत धरली.

“झकास माल आहे. कुठला हो?”

केझायाने किटली खाली ठेवली. आता हा माझं नाव घेणार, या आशेने ती नुसती फुलून गेली.

“कोरी लोकर, साहेब. लंडनहून शिवून आणलाय,” सेथ म्हणाला, आणि वर हसला. “आपल्याकडे शॉडी काही चालत नाही. ना कोट, ना माणसं.”

बिनन्स खूश झाले. सेथने बहिणीकडे पाहिलंच नाही. मेल्या, माझेच कष्ट अंगावर घालून मलाच शिवी देतोस, असं तिच्या मनात आलं. ती त्याच्याजवळ गेली.

“अरे, बाहीचं बटण लोंबतंय. काढ तो कोट, टाचून देते.”

“ताईला ना, स्वस्थ बसवत नाही,” म्हणत सेथने कोट दिला.

ती चुलीशी जाऊन बसली. इकडे लग्नाची तारीख ठरू लागली, तिच्याकडे कोण बघतंय? सेथ निघायला उठला तेव्हा तिच्या पायाशी बाह्या, पाठ, कॉलर सुटे पडले होते. सुती अस्तर रोजच्या शिस्तीने बाजूला काढलेलं होतं. कापडाला कुठे चीर नव्हती.

“ताई, काय केलंस हे?”

“रोज करते तेच. उद्या सैतानात टाकीन.” तिने उसवायची सुरी पुसली. “बिनन्ससाहेब, याचा पुन्हा असाच झकास कोट होईल. घालणारा तेवढा दुसरा बघावा लागेल.”