मोहाच्या दिवसांतली शाळा

"किती मोजले म्हणते त्यायनं?" कांता दुर्गे बाईंनी स्कूटर स्टँडवर लावता लावताच विचारलं.

"चार, मॅडम," सुनिल मास्तर जमिनीकडे पाहत म्हणाला. "साडेसातले गाडी घेऊन आले. मी म्हटलं, साहेब, दहा वाजता या, सारी शाळा भरलेली दिसन. तं म्हणते, वेळापत्रकावर सात लिहून आहे."

पटावर त्रेसष्ट आणि हजर चार. बाईंनी कार्यालयाचं कुलूप उघडलं. आदल्या संध्याकाळपासून त्या तालुक्याच्या दवाखान्यात होत्या. आठवीतल्या एका मुलाचे सिकलसेलनं सांधे धरले होते, आणि अशा वेळी त्याला स्कूटरवर मागे बांधून नेणारं दुसरं कोणी पांगरटोल्यात नव्हतं. बाळंतिणीची गाडी, जातीचा दाखला, वनहक्काचा अर्ज, नवऱ्यानं हाकलून दिलेली बाई, काहीही असो, माणसं आधी शाळेत येत. सव्वीस वर्षं त्या इथल्या मुख्याध्यापिका होत्या, आणि मुख्याध्यापिकेनं करायच्या कामांची यादी त्यांनी कधी वाचलीच नव्हती. तेव्हा पडताळणीचे साहेब आले ते नेमके बाई नसताना आले, याचं नवल नाही. नवल याचं की इतकी वर्षं आले नव्हते.

कारण वेळापत्रकावर सात लिहिलेलं होतंच.

उन्हाळा लागला की शाळा सकाळी भरवावी, असा हुकूम दरवर्षी येतो. काढणाऱ्याच्या मनात पोरांबद्दल दयाच असते, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त त्या बिचाऱ्यानं मार्चातलं मोहाचं झाड पाहिलेलं नसतं. फुलं पडतात पहाटे. उजाडायच्या आत झाडाखाली पोचलं नाही तर अर्धी हरणं आणि गुरं खातात, उरलेली उन्हानं सुकतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली, आणि ती वेचायला घरातले असतील नसतील तेवढे हात लागतात, पाच वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हातारीपर्यंत. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून सगळे एकदमच जातात. महिना-सव्वा महिना हे चालतं. नऊला टोपल्या भरून माणसं घरी परततात आणि मग अंगणात फुलं वाळत घालतात. वर्षाचं मीठ-मिरची, कपडालत्ता, दवाखाना त्याच्यावर निघतो. सातच्या शाळेनं या सगळ्याच्या मध्ये कुठे बसावं?

पहिल्या वर्षी बाई नियमानं चालल्या. बाप बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत कामगार, तिथल्या भोंग्यावर वाढलेली ही मुलगी, वेळ म्हणजे वेळ. महिनाभर गैरहजर म्हणून सातवीतल्या बुधरीचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं पटावरून कमी केलं. वर्गात सगळ्यांत आधी गणित सोडवणारी पोरगी ती. जूनमध्ये बाई तिच्या घरी गेल्या तर ती म्हणाली, "माहं नाव तं कापलं ना तुमी," आणि बकऱ्या हाकत निघून गेली. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. बाईंना त्या गोष्टीची आजही लाज वाटत असे. ती त्यांनी लपवली नाही, स्वतःला विसरूही दिली नाही.

तेव्हापासून पांगरटोल्याची शाळा मोहाच्या दिवसांत दहाला भरते आणि तीनला सुटते. खिडक्यांना ओली पोती बांधतात, वऱ्हांड्यात पाण्याचे माठ ठेवतात. पाचवी ते दहावी सगळी पोरं येतात, मुलीसुद्धा दहावीपर्यंत टिकतात. आणि जिल्ह्याला दरवर्षी वेळापत्रक जातं सकाळी सातचं, बाईंच्या सहीचं. कागदाचं पोट भरलं की कागद ओरडत नाही, हे बाई पहिल्या दोन वर्षांतच शिकल्या होत्या.

आता तो ओरडला होता.

*

जिल्ह्याच्या ऑफिसात, शाळा मोजून गेलेल्या सोनटक्के साहेबांनी बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. नगरकडून बदली होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि समोर अशा बावीस शाळांच्या फायली पडलेल्या होत्या.

"मॅडम, बनावट पट असा शेरा पडलाय. म्हणजे मान्यता जाईल. मुलं चौदा किलोमीटरवरच्या समूह शाळेत. बस देणार आहेत."

"त्या रस्त्यावर पावसाळ्यात नदी येते, साहेब. बस कुठून येईल?"

साहेबांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. "मी तुमच्या बाजूचा आहे. जूनमध्ये रिटायर होताय, चौकशी कशाला मागे लावून घेता? माफीनामा लिहा, अनवधानाने झालं म्हणून. बुधवारी सकाळी सातला मी पुन्हा येतो. साठ मुलं वर्गात दाखवा, विषय संपला."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय, मोबाईलवर हजेरी. रोज सव्वासातला वर्गाचा फोटो टाकायचा. सगळ्यांनाच आहे."

बाई परत आल्या तेव्हा शाळेच्या पायरीवर गिरजाबाई वाट पाहत बसली होती. शाळा समितीची अध्यक्ष, सही करायला बाईंकडेच शिकलेली, आणि गावात तिचा शब्द खाली पडत नाही.

"ऐकलं आमी," ती म्हणाली. "एक दिवस मोह नाई वेचला तं का मरतो का आमी? बुधवारी सारे पोरं सातले पाठवतो. आंघोळ करून, तेल लावून. तुमी टेन्शन नका घेऊ."

"एका दिवसाचं नाई ते, गिरजाबाई. रोज फोटो पाहिजे म्हणते."

"रोज?" गिरजाबाईचा चेहरा उतरला. "मंग तं पोरी नाई येत बाप्पा. पोट्टे येतीन एखाद्वेळेस, पोरीयले मोहावरच ठेवतीन. पोरी नाई येत."

तरी बाई माफीनामा लिहायला बसल्या. बुधवार तर निघू दे, पुढचं पुढे पाहू, असं त्यांच्याही मनात आलंच. 'माझ्याकडून अनवधानाने' इथवर लिहून झालं आणि पेन अडलं. पंचवीस वर्षांचं अनवधान! एवढं तर झोपेतसुद्धा माणसाला जमत नाही. बाईंना आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच सणसणून राग आला. आपण हुकूम मोडला म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली, पण मोडला तो चोरून. वर दरवर्षी खोट्या वेळापत्रकाखाली आज्ञाधारक म्हणून सही ठोकली. आजूबाजूच्या दहा शाळाही तेच करतात, नाहीतर पोरं गमावून बसतात. सगळ्यांच्या कागदावर सात. म्हणजे सरकारच्या लेखी या जंगलात मोह पडतच नाही! मग सरकारला कळणार कसं, आणि कोणाकडून?

त्यांनी कागद फाडला.

"सुनिल, बुधवारी पोरायले सातले बोलवू नको."

सुनिल मास्तर खुर्चीवरून उठूनच उभा राहिला. "मॅडम, तुमी जूनमध्ये चालल्या. माही नोकरी लागून तीन वर्षं झाले. शाळा गेली तं मी कुठी जाऊ?"

त्याचं खरं होतं. "मी लिहून देईन त्याच्यावर सही माही एकटीची राहीन," त्या म्हणाल्या. "तू त्या दिवशी रजा टाक."

*

बुधवारी सातला गाडी आली. बाई पायरीवर उभ्या होत्या, इस्त्रीच्या साडीत, हातात हजेरीपट. मागे रिकामी शाळा. आणि रजा टाकायला सांगितलेला सुनिल मास्तर घामाघूम होऊन खांबाशी उभा होता.

"मुलं?" सोनटक्के साहेबांनी विचारलं.

"आधी इथलं मोजून घ्या, साहेब. सगळे वर्ग उघडे आहेत."

"मॅडम, ही चेष्टा आहे का?"

"नाही. शून्य आहे. लिहून घ्या. आणि मग वीस मिनिटं माझ्याबरोबर चाला."

साहेबांनी शून्य लिहिलं, रागानंच लिहिलं. पण चालले. का चालले कोण जाणे; कदाचित इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी आपण होऊन शून्य दाखवलेलं नव्हतं म्हणून.

मोहाच्या बनात गोड, आंबूस वास कोंडला होता. झाडाझाडाखाली माणसं वाकलेली, टोपल्या अर्ध्याच्या वर गेलेल्या. बाईंनी पट उघडला आणि झाडं फिरत नावं घ्यायला सुरुवात केली. वाकलेली पाठ सरळ होई, "हजर" म्हणे आणि पुन्हा वाके. साहेब पेनानं टिंबं देत मागून येत होते. एका झाडाखाली सहावीतली मुलगी त्यांच्या बुटांकडे पाहून ओरडली, "साहेब, फुलावर पाय नका देऊ!" साहेब एका पायावर थांबले आणि जागा शोधून दुसरा पाय टेकला.

एकसष्ट भरली. एक दवाखान्यात, एक मामाच्या लग्नाला सिरोंच्याला.

"मोजली मी," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "पण मॅडम, हे लिहू कुठे? रकाना इमारतीतल्या उपस्थितीचा आहे."

बाई बोलायच्या आतच पलीकडच्या झाडाखालून एक बाई उठून आली. बुधरी. तिची मुलगी नववीत होती.

"याच बाईनं माहं नाव कापलं होतं, साहेब, सातवीत. असाच रकाना होता तवा बी," ती म्हणाली. "मांगून घरी येऊन रडली बिचारी. आता तुमी माह्या पोरीचं कापाले आले. तुमी कुठी येऊन रडसान?"

कांताबाईंनी मान खाली घातली नाही. घातली असती तर बरं दिसलं असतं, पण त्यांना बरं दिसायचं नव्हतं.

"चला, साहेब," त्या म्हणाल्या. "दहा वाजता इमारतीतलं पण मोजा."

परतीची वाट एकच, पायवाटेची. पुढे टोपल्या, मागे साहेब. नऊला घरी गेलेली पोरं दहाला ओल्या केसांनी शाळेत हजर झाली. साहेब मोजायला उठले नाहीत, पण ते गेलेही नाहीत. वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून माठातलं पाणी पीत त्यांनी सगळी रांग आत जाताना पाहिली.

बाईंनी दोन कोरे ताव घेतले, मध्ये कार्बन घातला आणि लिहिलं. मोहाच्या दिवसांत ही शाळा दहा ते तीन भरते, गेली पंचवीस वर्षं भरते, दरवर्षी सातचं वेळापत्रक पाठवलं ते खोटं होतं आणि ते मी जाणूनबुजून पाठवलं. यापुढे पाठवणार नाही. आज सात वाजता इमारतीत शून्य, आठ वाजता मोहाखाली एकसष्ट, दहा वाजता वर्गात एकसष्ट. खाली पूर्ण नाव, तारीख, शाळेचा शिक्का. माफी हा शब्द कुठे नव्हता. शेजारी गिरजाबाईनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर ओढत. तिच्यामागून सुनिल मास्तर पुढे आला. बाईंनी कागद मागे ओढला, त्यानं तो पुन्हा पुढे घेतला आणि सही केली.

"मॅडम," कागद वाचून साहेब हळू आवाजात म्हणाले, "हा तुमचा गुन्ह्याचा कबुलीजबाब आहे. यानं शाळा वाचेल असं वाटतं तुम्हाला?"

आणि मग इतका वेळ साहेबांशी पुस्तकी बोलणाऱ्या कांताबाई आपल्या बोलीवर आल्या.

"ते मले नाई माहीत. पण उद्या तुमाले ही शाळा बंद कराची असन, तं आमाले खोटं ठरवून नाई करता येनार. हे खरं वाचून करा लागन. वाचा, अन् मंग करा." त्यांनी दुसरी प्रत पुढे सरकवली. "पोच द्या, साहेब."

सरकारी माणूस सगळं नाकारू शकतो, हातात पडलेल्या कागदाची पोच नाकारणं त्याला फार जड जातं. सोनटक्के साहेबांनी ती प्रत शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी पेन काढलं, सही केली, खाली तारीख घातली आणि कोणी न सांगता वेळही घातली. दहा वाजून वीस मिनिटं.

बाईंनी प्रत घेतली, घडी केली आणि पट उचलून नववीच्या वर्गात शिरल्या. वीस मिनिटं उशीर झाला होता.